कॅनडातले ‘फुकट’ नेमके कुणासाठी?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मुलाबाळांकडे परदेशी निघालेल्या आई-वडिलांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते. ‘आमचा मुलगा कॅनडात आहे, तिथे औषधपाणी सगळे सरकारी, फुकट. अमेरिकेत असता तर विम्याची कटकट होती.’ मुलापुरते हे अर्धेच खरे आहे. त्याच्याकडे जाणाऱ्या आई-वडिलांपुरते साफ चुकीचे आहे. या समजुतीपायी टोरांटो-व्हँकुव्हरला जाताना काही कुटुंबे विमाच काढत नाहीत, काही मिळेल तो स्वस्तातला काढतात आणि मग अडकतात. दोन्ही देश शेजारी, भाषा बरीचशी एक, डॉक्टरांचे शिक्षणही जवळपास सारखे. तरी रुग्णालयाच्या खिडकीवरचा पहिला प्रश्न वेगळा असतो. कॅनडात विचारतात, प्रांताचे हेल्थ कार्ड आहे का. अमेरिकेत विचारतात, विमा कुठला. मुंबई-पुण्याहून गेलेल्या पाहुण्याला दोन्ही प्रश्न सारखेच महागात पडतात, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी कॅनडा. तिथे देशभराची एकच योजना नाही. दहा प्रांत आणि तीन प्रदेश, प्रत्येकाची योजना आपापली. सस्कॅचवन प्रांताने टॉमी डग्लस प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) असताना १९४७ साली रुग्णालयाच्या खर्चासाठी सरकारी विमा आणला. १ जुलै १९६२ पासून डॉक्टरांची फीही त्यात घेतली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. पुढे तोच नमुना देशभर गेला आणि १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टने त्याला आजची चौकट दिली. या कायद्यातली खरी मेख पैशात आहे. एखाद्या प्रांताने डॉक्टरांना रुग्णाकडून जादा फी घेऊ दिली किंवा रुग्णालयाला खाटेचे पैसे घेऊ दिले, तर तेवढीच रक्कम केंद्राच्या अनुदानातून कापली जाते. म्हणूनच, टोरांटो ज्यात आहे त्या ओंटारिओ प्रांताच्या रहिवाशाची बायपास झाली तरी त्याच्या घरी बिल येत नाही.

पण कायद्याचे हे छत्र फक्त प्रांताच्या रहिवाशावर आहे, आणि त्याच्यावरही डॉक्टर व रुग्णालय एवढ्यापुरतेच. रुग्णालयाबाहेर घेतलेली औषधे, दात, चष्मा, बहुतेक फिजिओथेरपी त्यात येत नाही. ओंटारिओत २५ वर्षांखालच्या ज्यांना खासगी विमा नाही त्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना औषधांसाठी सरकारी योजना आहे. ज्येष्ठांना त्यात सर्वसाधारणपणे वर्षाचे पहिले १०० डॉलर आणि नंतर प्रत्येक चिठ्ठीमागे सहा डॉलरच्या आसपास भरावे लागतात. मधल्या वयाचा माणूस नोकरीतल्या विम्यावर अवलंबून. औषधांचा खर्च फारच वाढला तर ट्रिलियम नावाची योजना आहे, पण तीही घरच्या उत्पन्नाच्या साधारण चार टक्के स्वतः खर्च केल्यावर सुरू होते. क्वेबेकने १९९७ पासून औषधांचा विमा सक्तीचा केला आहे, व्हँकुव्हर ज्यात आहे त्या ब्रिटिश कोलंबियात उत्पन्नानुसार सवलत मिळते. दातांसाठी केंद्राची योजना डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. घरचे उत्पन्न ९०,००० डॉलरच्या आत हवे आणि दुसरा दंतविमा नको, अशी तिची अट आहे. ॲम्ब्युलन्सही फुकट नाही. ओंटारिओत हेल्थ कार्ड असलेल्याला ४५ डॉलर, नसलेल्याला २४० डॉलर. (या आणि पुढच्या परिच्छेदांत कॅनडाचा विषय असेल तिथे कॅनडाचे डॉलर समजावेत, अमेरिकेचा असेल तिथे अमेरिकी. रुपयांत दोघांत बराच फरक पडतो.)

रहिवासी ठरायलाही वेळ लागतो. ओंटारिओने तीन महिन्यांची प्रतीक्षा मार्च २०२० मध्ये काढून टाकली. ब्रिटिश कोलंबियात मात्र ज्या महिन्यात राहायला आलात त्याचे उरलेले दिवस आणि वर दोन महिने थांबावे लागते. नोकरीच्या परवान्यावर नव्याने गेलेल्या जोडप्याने या अडीच-तीन महिन्यांचा खासगी विमा वेगळा घ्यायचा असतो. तो नेमका राहून जातो, कारण कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचा माणूस ‘एमएसपी (प्रांताचा विमा) मिळेल’ एवढेच सांगतो, कधी मिळेल ते सांगत नाही. विद्यार्थ्यांची गोष्ट आणखी निराळी. ओंटारिओत परदेशी विद्यार्थ्याला प्रांताचे कार्ड मिळत नाही, विद्यापीठाची विमा योजना घ्यावी लागते. अल्बर्टात वर्षभराचा किंवा त्याहून मोठा परवाना असलेल्या विद्यार्थ्याला मिळते. ब्रिटिश कोलंबिया महिन्याला ७५ डॉलर शुल्क लावते. मुलाचे कॉलेज ओंटारिओतल्या ब्रॅम्प्टनमध्ये की अल्बर्टातल्या कॅलगरीत, यावर घरच्यांचा खर्च असा बदलतो.

आता पाहुण्या आई-वडिलांकडे येऊ. त्यांच्यासाठी कॅनडाचे सरकारी रुग्णालय हे पूर्ण पैसे घेणारे रुग्णालय आहे. बाहेरच्या देशातल्या रुग्णाचा दर वेगळा असतो आणि अनेक रुग्णालये तो आपल्या संकेतस्थळावर छापतात. साध्या वॉर्डातली खाटही दिवसाला काही हजार डॉलरच्या घरात जाते, अतिदक्षता विभाग त्याच्या कितीतरी पुढे. डॉक्टर, भूलतज्ज्ञ, क्ष-किरण तपासणाऱ्यांची बिले अनेकदा स्वतंत्र येतात. न्यूमोनियाने आठवडाभर आत राहिलेल्या आजोबांचे बिल पाहून ‘पण हे तर सरकारी आहे ना’ असे म्हणून उपयोग नसतो.

साध्या पर्यटक व्हिसावर विमा सक्तीचा नाही, इथेच पहिली चूक होते. सुपर व्हिसावर, म्हणजे कॅनडात स्थायिक झालेल्यांच्या आई-वडिलांसाठीच्या खास व्हिसावर, तो सक्तीचा आहे. हा व्हिसा दहा वर्षांपर्यंत अनेकदा ये-जा करू देतो आणि जुलै २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो. त्यासाठी किमान एक लाख डॉलरचा, प्रवेशाच्या तारखेपासून किमान एक वर्ष चालणारा, उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत पाठवणी हे तिन्ही भागवणारा विमा लागतो. नुसता दराचा कागद चालत नाही. पैसे भरल्याचा पुरावा हवा, निदान हप्त्याची सुरुवातीची रक्कम भरलेली हवी. पूर्वी विमा कंपनी कॅनडाचीच असावी लागे. २०२५ पासून बाहेरच्या कंपनीचाही चालतो, पण ती कॅनडाच्या वित्तीय नियामकाने तिथे हा धंदा करायला मान्यता दिलेली हवी. आपल्याकडे एखादा एजंट ‘आमचीही चालते’ म्हणाला, तर ती मान्यता दाखव म्हणावे.

एक लाख डॉलर म्हणजे साठ लाख रुपयांच्या आसपास, रक्कम भरपूर वाटते. पण दावा फेटाळला जातो तो रकमेवरून नाही. तो ‘स्थिरता’ नावाच्या कलमावरून फेटाळला जातो आणि ते कलम अनेकांनी वाचलेलेच नसते. ते असे असते: तुम्हाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा असा आधीपासूनचा आजार असेल, तर विमा सुरू होण्याआधीच्या ठरावीक दिवसांत तो स्थिर असला पाहिजे. हे दिवस पॉलिसीप्रमाणे ९०, १२० किंवा १८०. स्थिर म्हणजे माणसाला बरे वाटणे नव्हे. नवे औषध नाही, बंद केलेले औषध नाही, डोसात बदल नाही, नवी लक्षणे नाहीत, रुग्णालयात दाखल होणे नाही आणि करायची राहिलेली कुठलीही तपासणी नाही.

याचे रोजच्या व्यवहारातले रूप पाहा. निघायच्या महिनाभर आधी बाबा ‘एकदा दाखवून येतो’ म्हणून डॉक्टरांकडे जातात. दाब थोडा जास्त निघतो, डॉक्टर टेल्मिसार्टन ४० चे ८० करतात. वैद्यकीयदृष्ट्या हे योग्यच. पण विम्याच्या हिशेबी त्या दिवशी रक्तदाब अस्थिर झाला, आणि तिकडे गेल्यावर पक्षाघात आला तर कंपनी बोट दाखवणार ते त्याच चिठ्ठीकडे. डोस कमी केला तरी अनेक पॉलिसी तो बदलच मानतात. डॉक्टरांनी ‘आल्यावर स्ट्रेस टेस्ट करू’ असे केसपेपरवर लिहून ठेवले असेल तर तीही राहिलेली तपासणी. उलट, तेच औषध त्याच मात्रेत दुसऱ्या ब्रँडचे घेतले तर सहसा बदल धरत नाहीत, आणि इन्सुलिन किंवा वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) यांच्या नेहमीच्या फेरफारालाही बऱ्याच पॉलिसींत सूट असते. ही सूट लेखी शोधावी, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नये.

यावर उपाय औषध न बदलणे हा अजिबात नाही. दाब वाढला असेल तर डोस वाढवलाच पाहिजे. उपाय आहे तो तारखांचा. पूर्ण तपासणी प्रवासाच्या सहा-सात महिने आधी करून घ्यावी, औषधांत जो बदल व्हायचा तो तेव्हा होऊ द्यावा आणि मग विम्याची तारीख ठरवावी. उशिरा बदल झालाच तर विमा कंपनीला लेखी कळवून विचारावे. काही कंपन्या जास्त हप्ता घेऊन कमी दिवसांची स्थिरता मान्य करतात, काही त्या एका आजाराला वगळून बाकीचे देतात. दोन्ही चालेल, पण आधी माहीत हवे.

दुसरी अडचण केवळ आपल्याकडची आहे. दावा आला की कंपनी भारतातल्या डॉक्टरांचे मागच्या वर्षाभराचे कागद मागते. आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे पंचवीस वर्षांची ओळख असते, फाइल नसते. डोस फोनवर बदललेला असतो, चिठ्ठीवर तारीख नसते, औषध केमिस्टकडून जुन्या पाकिटावरून आणलेले असते. कागद नाहीत म्हणून दावा महिनोन् महिने लोंबकळतो. तेव्हा प्रत्येक भेटीची तारीख, मोजलेला दाब, साखर, औषधाचे मूळ नाव आणि मात्रा असलेली साधी वही किंवा फाइल वर्षभर आधीपासून ठेवावी आणि तिचे फोटो मुलाकडे पाठवून ठेवावेत. आरोग्याची प्रश्नावली तर कधीच मुलाने टोरांटोत बसून आई-वडिलांच्या वतीने अंदाजाने भरू नये. ‘मागच्या दोन वर्षांत हृदयाची तपासणी सुचवली होती का’ या प्रश्नाला ‘नाही’ लिहिले आणि केसपेपरवर इकोची नोंद निघाली, तर तो एक दावा नव्हे, अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते.

पोहोचल्यावर विमा काढला तर आजारपणासाठी सुरुवातीचे काही दिवस कोरे जातात, तेव्हा निघण्याआधीच घ्यावा. मध्येच अमेरिकेला नायगारा पाहायला किंवा पुतण्याकडे गेलात तर किती दिवसांपर्यंत संरक्षण आहे ते पाहावे. लवकर परतलात आणि दावा केला नसेल, तर उरलेल्या काळाचा हप्ता बहुतेक ठिकाणी परत मिळतो, तो मागायचे लोक विसरतात.

आता अमेरिका. तिथे ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या दोन सरकारी योजना १९६५ पासून आहेत, बाकी बहुतेक जनता नोकरीतल्या विम्यावर. ओबामांच्या २०१० च्या कायद्यामुळे २०१४ पासून आधीच्या आजारावरून विमा नाकारता येत नाही. तरीही २०२३ मध्ये सुमारे आठ टक्के लोक विम्याविना होते. त्या कायद्याने दिलेली, आणखी गरिबांना मेडिकेडमध्ये घेण्याची मुभा न वापरणाऱ्या राज्यांत टेक्सास, फ्लोरिडा आणि जॉर्जिया आहेत, आणि आपली बरीच मुले नेमकी डॅलस, ऑस्टिन, अटलांटाला आहेत. नोकरी आहे तोवर त्यांना याची झळ लागत नाही. नोकरी गेली की पाहा.

नोकरीतल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २०२४ मध्ये २५,५७२ डॉलर होता. त्यातले सरासरी ६,२९६ कर्मचाऱ्याच्या पगारातून जातात, बाकी कंपनी भरते. हप्ता भरला म्हणजे सुटलो असे नाही. उपचार घेताना आणखी तीन अडथळे असतात. समजा, मुलाच्या पॉलिसीत डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, २,००० डॉलर, त्यापुढे त्याचा वाटा २० टक्के आणि वर्षाची कमाल मर्यादा ६,००० डॉलर. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे विमा कंपनीने मान्य केलेले बिल ३०,००० झाले. पहिले २,००० त्याचे. उरलेल्या २८,००० चे वीस टक्के म्हणजे ५,६००. एकूण ७,६०० व्हायला हवे, पण मर्यादा ६,००० असल्याने तो तिथे थांबतो. २०२५ साठी कायद्याने ही मर्यादा एका माणसाला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलरपेक्षा जास्त ठेवता येत नव्हती. हे सगळे विमा कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयापुरते. यादीबाहेर गेलात तर वेगळे, वाढीव मीटर. आणि बहुतेक पॉलिसींचे वर्ष जानेवारीत सुरू होते, त्यामुळे शस्त्रक्रिया डिसेंबरात आणि फिजिओथेरपी जानेवारीत पडली की डिडक्टिबल पुन्हा पहिल्यापासून. तिथले जाणते लोक न टाळता येणारी पण थांबू शकणारी शस्त्रक्रिया वर्षाच्या सुरुवातीला करतात, त्याचे कारण हे.

नोकरी सुटली तर कोब्रा नावाच्या तरतुदीने जुना विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो. वीसहून कमी माणसांच्या कंपनीला मात्र ती लागू नाही. हप्ता पूर्ण स्वतः भरायचा, वर दोन टक्के. निर्णयाला ६० दिवस मिळतात आणि निवड मागील तारखेपासून लागू होते. म्हणजे महिनाभर काहीच झाले नाही तर पैसे वाचले. झालेच तर त्या ६० दिवसांत निवड कळवून मागचा हप्ता भरता येतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या मुलांना नवी नोकरी शोधायला मिळणारी मुदतही ६० दिवसांपर्यंतच असते, त्या धावपळीत ही सोय ध्यानात येत नाही.

अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांनी पॉलिसी घेताना एकच गोष्ट आधी विचारावी: ही ठरावीक रकमेची आहे की व्यापक? ठरावीक रकमेच्या पॉलिसीत प्रत्येक बाबीला आकडा बांधलेला असतो. समजा, इमर्जन्सी विभागाच्या भेटीला ५०० डॉलर. बिल ४,००० आले तर ३,५०० तुमचे, मग पॉलिसीच्या पहिल्या पानावर एक लाख का लिहिलेले असेना. व्यापक पॉलिसीत साधारणपणे डिडक्टिबलनंतर पहिल्या ५,००० डॉलरचे ८० टक्के आणि पुढे पूर्ण, पॉलिसीच्या रकमेपर्यंत. हप्ता बराच जास्त असतो, आणि वय साठच्या पुढे असेल तर तो फरक भरण्याजोगा आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवास विम्यांतही साठीनंतर खोलीभाडे, अतिदक्षता, शस्त्रक्रिया यांना उपमर्यादा बांधलेल्या आढळतात. त्या सातव्या-आठव्या पानावरच्या तक्त्यात असतात.

आधीच्या आजारांबाबत अमेरिकी पॉलिसींची भाषा कॅनडाहून वेगळी आहे. तिथे ‘अचानक उद्भवलेला तीव्र झटका’ एवढाच भाग भरून देतात, तोही ठरावीक वयापर्यंत आणि २४ तासांच्या आत उपचार घेतले तर. छातीत जडपणा तीन दिवस अंगावर काढून चौथ्या दिवशी रुग्णालयात गेलेल्या आजींचा दावा इथे बसत नाही. मुलाला सुट्टी नाही, उगाच त्याला कशाला त्रास, या आपल्या सवयीची ही किंमत असते. दोन्ही देशांत नेहमीची तपासणी, नेहमीची औषधे, दातांची कामे पाहुण्यांच्या विम्यात येत नाहीत. दातांचे जे आहे ते इथेच करून जावे.

कुठे जायचे यानेही बिल बदलते. ताप, लघवीचा संसर्ग, मुरगळलेला पाय यासाठी अमेरिकेत अर्जंट केअर नावाचे छोटे दवाखाने आहेत, तिथे दीड-दोनशे डॉलरपासून काम भागते. त्याच तक्रारीला इमर्जन्सीत गेलात तर हजारांत. कॅनडात वॉक-इन क्लिनिक, म्हणजे आधी वेळ न घेता जाता येणारा दवाखाना, आणि बहुतेक प्रांतांत ८११ या क्रमांकावर नर्सचा सल्ला. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे असे काही झाले, तर मात्र दोन्हीकडे थेट ९११. पैशाचा विचार नंतर. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीत आलेल्या कुणालाही, विमा असो वा नसो, तपासून स्थिर केल्याशिवाय परत पाठवता येत नाही. बिल माफ होत नाही, पण दार बंद होत नाही. विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर शक्यतो दाखल होण्याआधी, नाहीतर २४ तासांत फोन करावा. तो केला नाही म्हणून भरपाई कमी करणाऱ्या पॉलिसी दोन्ही देशांत आहेत. तो क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये असून उपयोगाचा नाही, आईच्या पर्समध्ये हवा.

बिल आल्यावरचे काम अमेरिकेत अधिक. विमा कंपनीकडून येणारा पहिला कागद बिल नसतो, हिशेबाचे विवरण असते. तो पाहून चेक फाडू नये. रुग्णालयाकडून बाबनिहाय बिल मागावे, न झालेल्या तपासण्या आणि दोनदा लावलेल्या बाबी त्यात सापडतात. विमा नसेल तर ठरलेल्या उपचाराआधी खर्चाचा लेखी अंदाज देणे २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि बिल त्याहून ४०० डॉलर किंवा जास्त वाढले तर १२० दिवसांत तक्रार करता येते. त्याच कायद्याने यादीबाहेरच्या डॉक्टरांची अनपेक्षित बिले विमाधारकावर टाकायला बंदी आली, रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र त्यातून सुटली. धर्मादाय दर्जाच्या रुग्णालयांना आर्थिक मदतीचे लेखी धोरण ठेवावे लागते आणि पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज स्वीकारावा लागतो. पाहुण्याला ते लागू आहे की नाही हे त्या रुग्णालयाच्या धोरणात असते. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

मग स्वस्त कोण, चांगले कोण? २०२३ मध्ये अमेरिकेने जीडीपीच्या (देशांतर्गत उत्पादनाच्या) १७.६ टक्के आरोग्यावर खर्च केले, कॅनडाचा खर्च १२ टक्क्यांच्या आसपास. तरी त्या वर्षी अमेरिकेतले सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षे होते आणि कॅनडातले ८१.७. पण कॅनडाचे कौतुक करताना तिथली रांग विसरून चालणार नाही. फ्रेझर इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत फॅमिली डॉक्टरच्या शिफारशीपासून तज्ज्ञाच्या उपचारापर्यंतचा मध्यम कालावधी ३० आठवडे निघाला, १९९३ मध्ये तो ९.३ आठवडे होता. ही संस्था बाजारवादी आहे, तिचे आकडे डॉक्टरांना विचारून काढलेले असतात. पण कॅनडाच्या सरकारी आकडेवारीतही गुडघा बदलण्याची २६ आठवड्यांची ठरवलेली मुदत दहांपैकी सुमारे सहा रुग्णांनाच पाळली जाते. आणि मुळात रांगेत शिरायला लागतो तो फॅमिली डॉक्टर, जो लाखो लोकांना मिळालेलाच नाही. मे २०२३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाने स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाचे रुग्ण किरणोपचारासाठी सीमेपलीकडे अमेरिकेतल्या बेलिंगहॅमला सरकारी खर्चाने पाठवायला सुरुवात केली. तर अमेरिकेतले मधुमेही २०१९ मध्ये बस करून ओंटारिओत इन्सुलिन घ्यायला येत होते. इन्सुलिनचे पेटंट ज्या टोरांटो विद्यापीठाला शोध लावणाऱ्यांनी एकेका डॉलरला दिले होते, ते याच ओंटारिओतले. अमेरिकेत मेडिकेअरच्या रुग्णांसाठी इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरवर आले ते २०२३ मध्ये.

थोडक्यात, कॅनडा नकार देतो तो उपचाराआधी, रांगेच्या रूपाने. अमेरिकेतही आधी विमा कंपनीची मंजुरी लागते, पण खरा दणका नंतर, पाकिटातून. मंजुरी नाकारली तर १८० दिवसांत कंपनीकडे आणि मग त्रयस्थाकडे अपील करता येते, फार थोडे लोक करतात. कॅनडाच्या रांगेला असे अपील जवळजवळ नाही. मुलगा तिशीतला, धडधाकट आणि मोठ्या कंपनीत असेल तर अमेरिकेत त्याला उपचार लवकर मिळतात. दीर्घ आजार किंवा मधूनमधून सुटणारी नोकरी असेल तर कॅनडात झोप लागते. माझे मत विचाराल तर, नोकरीला बांधलेला विमा ही अमेरिकेची सगळ्यात वाईट खोड आहे, महाग औषधांपेक्षाही.

कॅनडात स्थायिक झालेल्यांसाठी दोन गोष्टी. अमेरिकेत एका दिवसासाठी बफेलोला खरेदीला गेलात तरी प्रवास विमा घ्या. तिथे अचानक दाखल व्हावे लागले तर ओंटारिओ दिवसाला जास्तीत जास्त ४०० डॉलर देते, ब्रिटिश कोलंबिया ७५. आणि आजारी आई-वडिलांसाठी भारतात येऊन राहणाऱ्यांनी दिवस मोजावेत. ओंटारिओचे कार्ड टिकवायला सर्वसाधारणपणे १२ महिन्यांत १५३ दिवस प्रांतात असावे लागते.

औषधे नेताना ९० दिवसांपुरतीच न्यावीत, दोन्ही देशांचा दंडक तोच. मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, चिठ्ठीवर मूळ रासायनिक नाव. पुढच्या महिन्यांची सोय तिथल्या डॉक्टरची भेट धरून करावी लागते आणि तो खर्च विम्यात नसतो, तो आधीच हिशेबात धरावा.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन सूचना कराव्याशा वाटतात. परदेश प्रवास विमा विकणाऱ्या बँका, प्रवासी कंपन्या आणि एजंटांनी साठीवरच्या ग्राहकाला चार उत्तरे मराठीत एका पानावर लिहून, सही करून द्यावीत: आधीच्या आजारासाठी स्थिरतेचे दिवस किती, डोस बदलला तर काय, कोणत्या बाबींना उपमर्यादा आहे आणि दाखल होण्याआधी कुठल्या क्रमांकावर फोन करायचा. आणि गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी मार्च-एप्रिलमध्ये, उन्हाळी प्रवासाच्या आधी, एक दिवस विम्याची आरोग्य प्रश्नावली केसपेपर समोर ठेवून भरून देण्याचे शिबिर घ्यावे. रक्तदाब तपासणीची शिबिरे हे संघ घेतातच. ती त्याच दिवशी घेऊ नयेत एवढे मात्र बघावे, कारण शिबिरात दाब जास्त निघाला आणि कुणी गोळी वाढवली, की स्थिरतेचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

आपला,
एक वाचक, ठाणे